एक वर्ष आड

बाबांची झाडं यंदा झोपलीत.
एक वर्ष देतात, एक वर्ष नाही.
कुणी विचारलं तर बाबा सांगतात, दम खातायत.
जिना चढताना मधल्याच पायरीवर
एखादी बाई पिशवी टेकवते
आणि उगाच खिडकीबाहेर बघत राहते, तसं.

एकूण एकतीस.
बत्तिसावं वाटणीत सिप्रियानो काकाकडे गेलं.
जमीन आमची, झाड त्याचं,
बुंध्यावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर,
सालीबरोबर रुंदावत गेलेलं,
पोट सुटलेल्या माणसाच्या सदऱ्यासारखं ताणलेलं.

माझी झाडं झोपत नाहीत.
माझी म्हणजे कंपनीची.
सेर्पाच्या पलीकडे, धरणाच्या पाण्यावर,
एका हेक्टरात एकोणीसशे जैतून,
तारेला टेकून, खांद्याला खांदा लावून
नळीतून मोजून मापून पितात.
वय वर्षं सहा.
मी यंत्र चालवते. ओळीच्या दोन्हीकडे पाय टाकून ते चालतं,
घोडेस्वारासारखं म्हणावं तर तसं नाही,
घोड्यावर अख्खं घर बसवल्यासारखं.
तीन तासांत एक हेक्टर साफ.

घरच्या एकतीस झाडांना चार दिवस लागायचे.
खाली जाळी, हातात चेस्टनटच्या काठ्या,
आई गुडघ्यांवर, केसांत पानं,
आणि संध्याकाळी अंगाला असा वास
की गल्लीतली मांजरं दारापर्यंत मागे यायची.
मी त्यासाठी गळा काढणार नाही.
काठीनं तळहाताला आलेले फोड माझेच होते.
केबिनमध्ये हीटर आहे.
पगार एक तारखेला येतो.

त्या साली अजून रात्रपाळी चालायची.
नोव्हेंबर. दोन वाजून गेलेले.
पट्ट्यावरून हिरवे-काळे दाणे लोंढ्यानं येत होते
आणि त्यात काहीतरी तांबूस आलं.
बोटभर छाती. अजून ऊब होती.
उत्तरेकडून हिवाळ्यापुरती आलेली पाहुणी,
गच्च पाल्यात निवांत झोपलेली,
माझ्या दिव्यांच्या झोतात जागच्या जागी आंधळी झालेली.
मग दुसरी.
मग मी मोजणं थांबवलं.
ट्रेलरवरच्या खेमराजनं लोकरी टोपी काढली,
त्यात एकेक अलगद ठेवली,
आणि विचारलं, कुठे?
त्याच्या तोडक्या पोर्तुगीजमध्ये
हा एक शब्द पक्का बसलाय.

सकाळी बाबांना सांगितलं.
ते कॉफीत पाव बुडवत होते.
पाव मऊ होऊन तुटला, कपात बुडाला,
तरी ते बोटं तशीच धरून बसले.
मग म्हणाले, तुझी ती झाडं किती वर्षं ठेवतात?
पंधरा. फार तर अठरा. मग उपटतात, नवी लावतात.
पंधरा वर्षांत, ते म्हणाले,
साधी ढोलीसुद्धा पडत नाही.

त्यांच्या ढोलीत काय काय असतं:
कोयता, अर्धी बाटली, एक घुबड,
आणि माझी हरवलेली दुधाची किटली, म्हणे,
जी मी कधीच हरवली नव्हती.

त्याच हंगामात घाण्यावर वजन झालं.
पाचशे किलोंच्या खाली वेगळं गाळप करत नाहीत,
सगळ्यांच्या ढिगात ओततात.
आमचे भरले चारशे साठ.
काट्यावरच्या अदोझिंदाबाई चष्म्यावरून बघत राहिल्या.
बाबा पोती परत उचलायला वाकले.
मी म्हटलं, थांबा, दोन पोती गाडीत राहिलीत.
राहिली नव्हती. ती कंपनीची होती,
रात्री ट्रेलरमधून उतरवून घेतलेली.
एवढा काटा मी आयुष्यात कधी मारला नव्हता.

तेल आलं, हिरवं, गढूळ, घशाला झोंबणारं.
बाबांनी पावाचा तुकडा बुडवला,
जिभेवर धरला, डोळे मिटले.
बराच वेळ झाडाकडे कान लावल्यासारखे बसले.
"यात," ते म्हणाले,
"कुणीतरी घाईत आहे."

मग दुसरा तुकडा तोडला.